सहावा हात

१२ जानेवारी, रविवार

आमचा फुटबॉल क्लब विकायला निघालाय. आज बोर्डाच्या मीटिंगमध्ये डगने सांगितलं. डग आमचा अध्यक्ष, रिटायर्ड डेंटिस्ट. दुखणार असेल तेव्हा जास्त हसायचं, ही त्याची जुनी सवय, आणि आज तो फारच हसत होता.

घेणारे लंडनमधले आहेत. म्हणजे ऑफिस लंडनला, पैसा जहाजांच्या धंद्यातल्या एका कुटुंबाचा, आणि ते कुटुंब नक्की कुठलं हे डगलाही सांगता आलं नाही. युरोपात त्यांचे तीन क्लब आहेत. आता त्यांना ओहायोतला, तिसऱ्या दर्जाच्या लीगमधला, स्टँडचं छप्पर गळणारा सायोटो रोव्हर्स हवाय. का, असं मी विचारलं. “चार्ली, ते फॅन आहेत,” असं उत्तर मिळालं. चार्ली म्हणजे मी. चारुदत्त मिरजकर म्हणायला या लोकांना एवढी वर्षं पुरली नाहीत.

विक्रीला बोर्डावरच्या नऊ जणांपैकी सहा मतं लागतात. पाच जण आत्ताच हुरळून गेलेत. तिघे ठाम विरोधात. उरलो मी.

प्रीता जेवायला आली होती. आमची एकुलती एक मुलगी, रोव्हर्सच्या विमेन्स टीमची कोच. सहा वर्षांची असल्यापासून ती याच मैदानावर आहे. बातमी ऐकून तिने चमचा खाली ठेवला.

“बाबा, ते छान छान बोलतील. यू हॅव टू गेट इट इन रायटिंग. पाच वर्षं आमची टीम बंद करणार नाही, असं कागदावर. नाहीतर मत देऊ नकोस.”

मी म्हटलं, इन्शुरन्स कंपनीचा फायनान्स सांभाळून रिटायर झालोय, कागदाशिवाय कुणाची पेन्सिलसुद्धा मंजूर केली नाही. मला शिकवू नकोस. ती हसली. माझी बायको सुमेधा हसली नाही, पण ती हल्ली माझ्या बोलण्यावर हसत नाहीच.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी फोन आला. अनोळखी नंबर म्हणून तुसडेपणाने हॅलो म्हटलं, तर पलीकडून शुद्ध मराठी. “चारुदत्त काका का? मी नकुल सबनीस बोलतोय. मूळचा पुण्याचा, सध्या लंडनला असतो. तुमचा क्लब घेणाऱ्या फंडाचं अमेरिकेतलं काम मी बघतो.”

तासभर बोललो. मुलगा हुशार आहे. बोर्डावर फायनान्स कळणारे तुम्ही एकटेच दिसता, असं त्याने आपणहून म्हटलं. हे डगच्या लक्षात यायला हरकत नव्हती. विरोधातले तिघे कोण, त्यांचं म्हणणं काय, असंही सहज विचारलं. मी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या तारखेला तो इथे कोलंबसला येतोय. त्या दिवशी गणेश जयंती आहे म्हटल्यावर हळूच म्हणाला, “म्हणजे मोदक असणार.” घरीच बोलावून टाकलं. सुमेधाला नंतर विचारलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

नकुल येऊन गेला. छान झालं सगळं.

बाहेर बर्फ होता तरी त्याने बूट दाराबाहेरच काढले. आधी गणपतीला हात जोडले, मग सुमेधाला आणि मला वाकून नमस्कार केला. इथे जन्मलेल्या पोरांना हे सांगून येत नाही. प्रीता प्रॅक्टिसला गेली होती. थांब म्हटलं होतं, थांबली नाही.

प्रीताला हवा होता तो करार मी स्वतः तयार करून स्टडीत ठेवला होता. दीड पान, अगदी सोपा. जेवताना मीच विषय काढला. नकुलने हातातला मोदक ताटात ठेवला आणि म्हणाला, “काका, प्रीता मला बहिणीसारखी आहे. तिच्या टीमला हात लागणार नाही. माझा शब्द आहे.” आणि मग काकूंकडे वळून अजून थोडं तूप मागितलं.

आता अशा वेळी उठून स्टडीतून कागद आणायचा? समोर माणूस आपल्या घरच्या देवाचा प्रसाद खातोय, काका म्हणतोय, आणि आपण त्याच्या हातात पेन द्यायचं? अमेरिकन माणूस असता तर दिलं असतं. त्यांना त्याचं काही वाटत नाही. आपल्यात ते बरं दिसत नाही.

तो गेल्यावर सुमेधाने एवढंच विचारलं, “कागद?” उद्या ईमेल करतो म्हटलं. ती भांडी घासायला लागली. डिशवॉशर असताना हातानेच घासत होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मत दिलं. सहावा हात माझा. डगने मिठी मारली आणि चार्ली चार्ली करत पाठ थोपटली.

करार ईमेल केला नाही. घेतलेल्या शब्दावर परत कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं.

प्रीताचा मेसेज आला होता, लिहून घेतलं का म्हणून. मी कळवलं, ‘नकुलने शब्द दिलाय, काळजी करू नकोस.’ बऱ्याच वेळाने तिचं ‘ओके’ आलं. तिला पटलेलं दिसतंय. मला वाटलं होतं वाद घालेल.

९ मार्च, रविवार

नकुलबरोबर डाउनटाउनमध्ये लंच. क्लब आता त्यांचा झालाय आणि तो दोन आठवडे इथेच आहे, तरी त्याने मुद्दाम माझ्यासाठी वेळ काढला. लीगच्या खर्चाच्या नियमांबद्दल बोलायचं होतं. “काका, आमचे वकील शंभर पानं लिहितात, पण तुमच्यासारखं सोपं करून कुणी सांगत नाही.”

नियम खरंच सोपा आहे. मालक कितीही गबर असो, त्याने खिशातून ओतायचं नाही. क्लब स्वतः जेवढं कमावतो, त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आतच टीमवर खर्च करायचा. मुलांची अकॅडमी आणि मैदानाची डागडुजी यांना सूट आहे, ते त्यात धरत नाहीत. मी त्याला नियमातली गंमत दाखवली. हा नियम लिहिला तेव्हा लीगमध्ये कुणाकडेच बायकांची टीम नव्हती. त्यामुळे सूट मिळणाऱ्या यादीत ती नाहीच. पुरुषांची टीम आणि बायकांची टीम एकाच टोपलीत.

त्याने विचारलं, “म्हणजे समजा, कधी हात आखडता घ्यायची वेळ आली, तर नियमाप्रमाणे जागा कुठे निघते?”

म्हटलं, नियमाप्रमाणे एकाच ठिकाणी निघते. अकॅडमी बंद करून काही मिळत नाही, मैदानाचं काम थांबवून काही मिळत नाही, आणि पुरुषांचे करार मधेच मोडता येत नाहीत. निव्वळ हिशेबाचा प्रश्न होता आणि मी हिशेबाचं उत्तर दिलं. तो फार लक्ष देऊन ऐकत होता, मधेमधे फोनवर टिपून घेत होता. या घरात इतकं मन लावून माझं बोलणं कुणी शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही.

बिल त्याने देऊ दिलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

युरोपातून मोठा खेळाडू आणलाय. म्हणजे एकेकाळी मोठा. तेहतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, पण नाव असं की पेपरवाले धावत आले. ग्रोसरी स्टोअरमधला कॅशियरसुद्धा मला त्याच्याबद्दल विचारत होता.

जर्सीवर आता एका शिपिंग कंपनीचं नाव आहे. ओहायोत समुद्र कुठे आहे, असं सुमेधाने विचारलं. कंपनी मालकांच्याच चुलतभावाची आहे. जर्सीवर नाव लावण्याबद्दल कंपनीने दिलेला आकडा ऐकून मीही भुवया उंचावल्या. एवढे पैसे क्लबची कमाई म्हणून दाखवले की खर्चाची मर्यादाही आपोआप वाढते. हुशारी आहे. बोर्डात मी काही बोललो नाही, कारण आता बोर्डाला नुसतं कळवतात, विचारत नाहीत.

स्टँडमधल्या पाहुण्यांच्या नवीन बॉक्समध्ये मला खुर्ची मिळाली आहे, पाठीवर पितळी पट्टी. चारुदत्त मिरजकर, एकही अक्षर न चुकता. फोटो काढून प्रीताला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

१७ मे, शनिवार

प्रीताच्या टीमची मॅच बघून आलो. मुख्य मैदान मिळालं नाही, पुरुषांच्या टीमचं गवत जपायचं असतं. इथल्याच डब्लिन गावातल्या एका हायस्कूलच्या मागे खेळल्या. बसही बंद केली आहे. शेजारच्या इंडियाना राज्यात मॅच होती तेव्हा मुली आपापल्या गाड्या चालवत गेल्या. गोलकीपर केटलिन नर्स आहे, नाइट शिफ्ट करून तशीच ड्राइव्ह करत पोचली म्हणे.

प्रीताला म्हटलं, नवीन मॅनेजमेंट आहे, घडी बसायला वेळ लागतो.

“बाबा, प्लीज. नॉट टुडे,” म्हणाली आणि मैदानावरचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला निघून गेली. इतकी चिडचिड बरी नव्हे. जिंकल्या होत्या तरी.

लीगने जर्सीवरच्या कंपनीचे पैसे धरायला नकार दिलाय. बाजारभावापेक्षा फारच जास्त आहेत, घरचेच पैसे फिरवून आणलेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कमाई घटली, मर्यादा खाली आली, आणि खर्च आधीच होऊन बसलाय. गुडघेवाल्याचा करार तीन वर्षांचा आहे. कुठेतरी कात्री लागणार. नकुलला ईमेल केला की टीमच्या बसचं बघ. हात जोडलेलं चित्र उत्तरादाखल आलं.

६ जून, शुक्रवार

विमेन्स टीम बंद.

प्रीताला फोनसुद्धा केला नाही. सगळ्या मुलींना एकच ईमेल. ‘लीगच्या खर्चविषयक नियमांचं पालन करण्यासाठी खेदपूर्वक.’ या खेदपूर्वक शब्दाची मला किळस आली. नकुलला चार वेळा फोन लावला, व्हॉइसमेल. मेसेज वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही. तो बिचारा तरी काय करणार, वरून आलं असेल.

खरा दोष लीगचा आहे. गबर मालकांना वेसण घालायला नियम केला आणि मेल्या कोण, तर पगार म्हणून पेट्रोलचे पैसे घेणाऱ्या मुली. गुडघेवाल्याच्या एका महिन्याच्या पगारात त्यांचा अख्खा सीझन झाला असता. लीगला खरमरीत पत्र लिहिणार आहे.

एक मात्र म्हणावं लागेल, ईमेलमधलं स्पष्टीकरण मुद्देसूद होतं. सूट कशाला आहे, कशाला नाही, जागा फक्त कुठून निघू शकते, सगळं पायरीपायरीने. कुणीतरी नियम नीट समजून घेतलेला दिसतोय.

प्रीताकडे गेलो तर तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. तिच्या हॉलमध्ये पाच-सहा मुली जमिनीवर बसल्या होत्या. मी आणलेला जेवणाचा डबा तिने घेतला आणि थँक्स म्हणाली, शेजारच्यांना म्हणतात तसं.

१७ जून, मंगळवार

क्लबच्या सभासदांची सभा. हे लिहायला नको असं वाटतंय, पण लिहितो.

लंडनहून फंडाची एक बाई आली होती. नकुल नव्हता. बाईने स्क्रीनवर नियम दाखवला, आकडे दाखवले. मग केटलिन उभी राहिली. हॉस्पिटलच्या कपड्यांतच होती. तिने विचारलं, “आम्हालाच का निवडलं? आणि कुणी निवडलं?”

बाई अजिबात चिडली नाही. तिने कागद चाळला आणि म्हणाली, हा निर्णय बाहेरून लादलेला नाही, तुमच्याच बोर्डावरच्या फायनान्समधल्या एका अनुभवी सदस्याने मार्चमध्येच हा पर्याय सुचवला होता, आणि आमच्या वकिलांनाही तोच एकमेव मार्ग वाटला.

बोर्डावर डेंटिस्ट आहे, दोन शिक्षक आहेत, छपराची कामं करणारा आहे, रेस्टॉरंटवाली आहे. फायनान्समधला कोण, ते सगळ्या हॉलला माहीत होतं. खुर्च्या वाजल्या. डगने मान खाली घातली. मला उभं राहून सांगायचं होतं की मी सुचवलं नव्हतं, विचारलं म्हणून नियम समजावून सांगितला होता. दोन्हींत फरक आहे. उठता आलं नाही.

प्रीता पहिल्या रांगेत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. सुमेधा माझ्या शेजारी होती, तिने पाहिलं.

घरी येताना गाडी सुमेधाने चालवली. गॅरेजमध्ये इंजिन बंद करून ती तशीच बसून राहिली. म्हणाली, “लंचला काय खाल्लं होतंस रे त्या दिवशी?” मी सांगितलं, मासा. ती म्हणाली, “चांगला होता का?” आणि आत निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

३ जुलै, गुरुवार

शेवटी नकुलचा फोन आला. आवाज तसाच, गोड. त्याची बदली झाली आहे, आता तो दुसऱ्या एका देशातल्या क्लबचं काम बघतो. काकूंची तब्येत विचारली.

मी सरळ विचारलं, माझं नाव का घातलंस? मी तुझ्याशी घरच्यासारखा बोलत होतो.

त्याला खरंच वाईट वाटलं असावं. “काका, रिपोर्टमध्ये मी मुद्दाम लिहिलं की ही आयडिया तुमची. आमच्याकडे लोक दुसऱ्याची आयडिया स्वतःच्या नावावर खपवतात. मला वाटलं, श्रेय तुम्हाला मिळावं.”

शब्द दिला होतास, एवढं म्हटलं. “हो काका, आणि तेव्हा मनापासून दिला होता. पण कागदावर काही नव्हतं ना, मग मला वरती भांडताच येईना. तुम्ही तेव्हाच लिहून घेतलं असतंत तर माझेही हात बळकट झाले असते.”

म्हणजे चूक माझी, आणि तीही मी त्याला संकोचात पाडलं नाही ही. एवढी वर्षं लोकांची बिलं परत पाठवली, सही नाही, शिक्का नाही म्हणून. लोक मला नावं ठेवायचे आणि मला त्याचा अभिमान होता. आणि जिथे पोटच्या पोरीचं काम होतं, तिथे मी बरं दिसत नाही म्हणून गप्प बसलो. तूप वाढत राहिलो.

पण हेही पूर्ण खरं नाही. तो लंडनचा मुलगा मला मान देत होता आणि मला तो हवा होता. कागद काढला असता तर कदाचित तो मान गेला असता. आज हे पहिल्यांदाच स्वतःशी म्हटलं. बरं वगैरे काही वाटलं नाही.

बोर्डाचा राजीनामा पाठवला. डगने पंधरा मिनिटांत स्वीकारला.

२७ जुलै, रविवार

प्रीता आज गेली. व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, एका शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवणार आहे. पगार कमी, आणि तिकडे डेटा सेंटरवाल्यांमुळे घरभाडी अवाच्या सवा. मी काही मदत करू का म्हटलं तर मान हलवली. केटलिनने आणि आणखी दोघींनी खेळणंच सोडलं. बाकीच्या कुठे कुठे पांगल्या. आता एकत्र अशी ती टीम नाही.

सामान फार नव्हतं. सुमेधाने डबे भरून दिले, चटण्या, लाडू, रस्त्यात खायला पोळीभाजी. दोघी एकमेकींना धरून बराच वेळ उभ्या होत्या. मी गाडीच्या ट्रंकमधल्या बॅगा विनाकारण इकडच्या तिकडे केल्या.

मग मी ठरवून ठेवलेलं बोललो. म्हटलं, प्रीता, माझं चुकलं. मी लिहून घ्यायला हवं होतं. त्या लंचला तोंड उघडायला नको होतं. तुझी टीम माझ्यामुळे गेली.

तिने ऐकून घेतलं. रागावलेली दिसली नाही, दमलेली दिसली. दाराला टेकून उभी राहिली आणि अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये म्हणाली, “बाबा, एक विचारू? माझी टीम नसती, दुसऱ्या कुणाची मुलगी कोच असती, आणि तू त्याला तेच सगळं एक्सप्लेन केलं असतंस. वुड यू हॅव इव्हन नोटिस्ड?”

हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला त्या क्षणी दिसलं की मी तेव्हा त्या बाईच्या स्क्रीनकडे बघून म्हटलं असतं, काम नीट केलंय. घरी येऊन इथे लिहिलंही असतं, माझा सल्ला ऐकला म्हणून. कदाचित नाव छापलं म्हणून खूशही झालो असतो.

माझं उत्तर नाही असं होतं. मी ते दिलं नाही, पण ते तिला आधीपासूनच माहीत असावं, कारण तिने फार वेळ वाट पाहिली नाही.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, “टेक केअर ऑफ आई,” म्हणाली आणि गाडीत बसली. सुमेधा फाटकापर्यंत चालत गेली. मी ड्राइव्हवेवर उभा राहिलो. गाडी वळली तेव्हा तिने हॉर्न वाजवला, तो आईसाठी होता.